डोक्याच्या गोळ्या, इलाज अन् नवीन संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर अन् डिप्रेशनच्या चिठ्ठ्या रोज येतात, अन् चिठ्ठ्यांपेक्षा जास्त प्रश्न येतात, तेही दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसलं की हळू आवाजात, नाहीतर रात्री व्हॉट्सॲपवर. तेच ते प्रश्न असतात म्हणून एकदाचे लिहून टाकले. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, औषधांवरचं संशोधन वाचायचा नाद आहे एवढंच. डोस तुमच्या डॉक्टरनंच ठरवायचा, हे वाचून स्वतःच्या मनानं कमी-जास्त करू नका राजेहो.

१. भाऊ, डिप्रेशन, बायपोलर अन् स्किझोफ्रेनिया हे एकच आहे का? डॉक्टर दरवेळी वेगळंच लिहून राहिले.

तिन्ही वेगळे, पण त्यांच्या मधातला धुरा पक्का नाही. डिप्रेशनमध्ये माणूस कमीत कमी दोन आठवडे, कधी महिनेच्या महिने उतरलेला राहतो, झोप-भूक बिघडते, वावरात जायचं मन होत नाही, जीव नकोसा होते. बायपोलरमध्ये असं उतरणं असतेच, पण मधात कधीतरी उलटं होते, त्याला तेजी म्हणतात, तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, खिशात पैसा नसताना ट्रॅक्टर बुक करून येतो, कोणी टोकलं की भांडण. स्किझोफ्रेनियात कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर काहीतरी करून राहिले अशी पक्की खात्री बसते, नाहीतर माणूस गप्प गप्प होत जातो अन् आंघोळपाणी सोडतो.

निदान बदललं म्हणजे डॉक्टर चुकले असं नाही. या आजारांची अजून रक्ताची टेस्ट नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही, लक्षणं काय अन् कोणत्या क्रमानं आली यावरूनच ठरवावं लागते. बायपोलरवाल्या बऱ्याच जणांना आधी डिप्रेशन येते अन् तेजी काही वर्षांनी दिसते. म्हणून घरच्यांनी जुनी तेजी आठवून सांगणं फार कामाचं आहे, कारण बायपोलरवाल्याला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर तो तेजीत जाऊ शकतो.

२. ह्या गोळ्या कंपन्यांनी धंद्यासाठी काढल्या असं पोट्टे म्हणतात. खरं काय?

धंदा आहेच, पण सुरुवात तशी नाही झाली. लिथियमचंच पाहा. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरनं एका साध्या हॉस्पिटलमध्ये आधी गिनीपिगवर अन् मग तेजीतल्या १० पेशंटवर लिथियमचा प्रयोग छापला. लिथियम हे खडकात सापडणारं मूलद्रव्य, त्याचं पेटंट कोण घेणार, त्यामुळे कंपन्यांना त्यात रस नव्हता अन् अमेरिकेत मंजुरी मिळायला १९७० उजाडलं. आजही बायपोलरसाठी सगळ्यात भरवशाच्या औषधांत तेच आहे, अन् फार स्वस्त आहे.

स्किझोफ्रेनियाचं जुनं औषध क्लोरप्रोमाझीन फ्रान्समधलं. ऑपरेशनच्या वेळी पेशंट शांत राहावा म्हणून सर्जन लाबोरी ते वापरून पाहत होते, १९५२ मध्ये पॅरिसच्या डिले अन् डेनिकर यांनी ते मानसिक आजारावर वापरलं. डिप्रेशनच्या गोळीचं तर टीबीतून निघालं, इप्रोनियाझिड हे टीबीचं औषध घेणारे पेशंट वॉर्डात जास्तच खुशीत दिसायला लागले तेव्हा डॉक्टरांचं लक्ष गेलं.

अन् आपल्याकडची सर्पगंधा विसरू नका. १९३१ मध्ये गणनाथ सेन अन् कार्तिकचंद्र बोस यांनी वेडसरपणा अन् बीपीवर तिचा उपयोग होतो असं छापलं, १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं केलं गेलं अन् ते अमेरिकेतल्या मेंटल हॉस्पिटलांत काही वर्षं चाललं. पुढं ते मागं पडलं, बीपी पडायचं, काही लोक उदास व्हायचे, अन् क्लोरप्रोमाझीन जास्त चांगलं चाललं. हे वाचून कोणी जंगलातून मुळी आणून चालू गोळ्यांसोबत उगाळून देऊ नका, दोन औषधं मिळून बीपी धाडकन उतरते.

३. ह्या झोपेच्याच गोळ्या ना? सवय लागली तं?

चिठ्ठीवर तीन-चार गोळ्या असतात, त्यातली एखादीच सवयीची असते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम ह्या सवय लावणाऱ्या, डॉक्टर त्या सहसा सुरुवातीच्या थोड्या आठवड्यांसाठी देतात. गंमत पहा, लोकं स्किझोफ्रेनियाची गोळी सवयीच्या भीतीनं बंद करतात अन् अल्प्राझोलाम मात्र चिठ्ठीशिवाय मागायला येतात, नाही म्हटलं तर रागावतात. डिप्रेशनची एस्सिटॅलोप्राम, स्किझोफ्रेनियाची रिस्पेरिडोन, बायपोलरची लिथियम यांची तलफ लागत नाही. पण एकदम बंद केल्या तर त्रास होतो, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी, खास करून पॅरोक्सेटिन अन् व्हेन्लाफॅक्सिननं, चक्कर, अंगात करंट गेल्यासारखं, चिडचिड असं होते. म्हणून बंद करताना डॉक्टरला विचारून उतरत्या डोसनं.

४. पोरगा आता चांगला आहे, कामाला जाऊन राहिला. मग गोळ्या कधी बंद करायच्या?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा. डिप्रेशन पहिल्यांदाच झालं असेल तर पूर्ण बरं वाटल्यावर पुढं साधारण सहा ते नऊ महिने, वारंवार येत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. बायपोलरमध्ये बहुतेकांना लांबचा इलाज लागतो. स्किझोफ्रेनियात काय होते हे २०१२ मध्ये लान्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसते, ६५ ट्रायल म्हणजे औषधाच्या चाचण्या एकत्र केल्या होत्या, जवळपास ६,५०० पेशंट. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात २७ टक्के लोकांचा आजार उलटला, औषध काढून साधी, बिनऔषधाची गोळी दिलेल्यांमध्ये ६४ टक्के.

या आकड्याला दुसरी बाजूही आहे, ती कोणी सांगत नाही. औषध काढूनही शंभरातले छत्तीस वर्षभर ठीक राहिले. पण ते छत्तीस कोण, हे आधी ओळखायची काही पद्धत अजून नाही. इंग्लंडमध्ये २०२३ ला एक ट्रायल छापली गेली, त्यात डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू डोस कमी केला, आशा अशी की माणूस कामाधंद्यात, नात्यात जास्त मोकळा होईल. दोन वर्षांनी तसा फरक दिसला नाही, अन् गंभीर पलटी १३ टक्क्यांच्या जागी २५ टक्के लोकांना झाली. म्हणून कमी करायचंच असेल तर डॉक्टरसोबत बसून, कापूस वेचणीच्या किंवा लग्नसराईच्या धांदलीत नाही, अन् घरात लक्ष ठेवणारा माणूस असतानाच.

गोळी बंद केल्यावर पहिले काही आठवडे माणूस उलट बरा दिसतो, सुस्ती जाते, चेहरा खुलतो, घरचे म्हणतात पाहा गोळीच वाईट होती. पलटी नंतर येते, कधी दोन महिन्यांनी कधी सहा, तेव्हा कोणाला आठवतही नाही की गोळी कधी सुटली.

५. अमेरिकेत स्किझोफ्रेनियाची एकदम नवीन गोळी आली म्हणतात. ती कधी येईल? तोवर जुनी बंद ठेवू का?

जुनी बंद ठेवू नका, हे आधी.

गोळी खरी आहे. झॅनोमेलिन अन् ट्रॉस्पियम असं जोडऔषध, सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. १९५२ पासून या आजाराची जवळपास सगळी औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची वाट अडवूनच काम करत आली, हे मस्करिनिक नावाच्या वेगळ्या वाटेनं जाते, म्हणून एवढा बोलबाला. झॅनोमेलिन मुळात १९९० च्या दशकात अल्झायमरसाठी तपासलं होतं, काम दिसत होतं पण उलट्या अन् पोटाचा त्रास फार. मग त्याला ट्रॉस्पियमची जोड दिली, ते लघवीच्या पिशवीचं जुनं औषध, मेंदूत फारसं शिरत नाही म्हणून पोटातला त्रास अडवते अन् डोक्यातलं काम चालू देते. मला ही युक्ती लय आवडली. पण याच वाटेवरचं दुसऱ्या कंपनीचं औषध नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन ट्रायलमध्ये फेल गेलं, अन् हे मंजूर झालेलं औषधसुद्धा जुन्या औषधाच्या जोडीला दिलं तेव्हा मुख्य निकालात फायदा सिद्ध झाला नाही. म्हणजे नवीन वाट सापडली, चमत्कार नाही सापडला.

महाग म्हणजे चांगलं हेही खरं नाही. २००५ मध्ये अमेरिकेत सुमारे १,५०० पेशंटवरचा केटी नावाचा सरकारी अभ्यास आला, त्यात परफेनाझिन हे जुनं स्वस्त औषध तेव्हाच्या बऱ्याच नव्या महाग औषधांच्या बरोबरीनं चाललं. अन् कोणतंही औषध असो, १८ महिन्यांत ७४ टक्के लोकांनी ते सोडलं किंवा बदललं, कोणाला गुण नाही, कोणाला वजन वाढलं.

माझं मत सांगतो. आपल्या भागात अडचण नवीन गोळीची नाहीच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात डिप्रेशनवाल्या शंभरातल्या ८५ जणांना अन् स्किझोफ्रेनियासारख्या आजाराच्या शंभरातल्या ७५ जणांना इलाजच मिळत नव्हता. जी गोळी सत्तर वर्षं जुनी आहे तीच पोचली नाही, तं नवीनची वाट पाहून काय करता. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात येते, दिवस आशाताईला विचारा, बऱ्याच गोळ्या तिथं फुकट मिळतात. माझं गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल.

६. महिना झाला, काहीच फरक नाही. डॉक्टर बदलू का?

आधी दोन गोष्टी पाहा. गोळी खरंच रोज पोटात जाते का, अन् पुरेसे दिवस झाले का. डिप्रेशनच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, मळमळ, डोकेदुखी मात्र पहिल्या आठवड्यातच येते, म्हणून लोकं गुण यायच्या आधीच सोडतात.

पहिल्या गोळीनं सगळ्यांना गुण येत नाही हे संशोधनातही पक्कं आहे. अमेरिकेत स्टार-डी नावाच्या अभ्यासात, २००६ ला छापलेल्या, पहिल्या गोळीवर साधारण तिघांतला एकच जण पूर्ण बरा झाला, बाकीच्यांना गोळी बदलावी किंवा जोडावी लागली. म्हणून दुसरी गोळी लिहिली की डॉक्टर प्रयोग करून राहिले असं समजू नका, वाटच अशी आहे.

स्किझोफ्रेनियात दोन औषधं नीट डोसमध्ये, पुरेसे आठवडे देऊनही आवाज थांबत नसतील तर क्लोझापिन हे औषध देतात. १९८८ मध्ये अशाच हट्टी आजाराच्या लोकांवर ट्रायल झाली, क्लोझापिनवर ३० टक्के लोक सुधारले, क्लोरप्रोमाझीनवर फक्त ४ टक्के. याचा एक धोका, थोड्या लोकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये यानं मृत्यू झाले, तेव्हा बऱ्याच देशांत औषध मागं घेतलं होतं. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागते, पुढं महिन्यातून. ताप अन् घसा धरला तर "व्हायरल असेल" म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी सीबीसी ही रक्ताची तपासणी करा अन् डॉक्टरला क्लोझापिन चालू आहे हे सांगा. दुसरं, बद्धकोष्ठता. लोकांना ती छोटी गोष्ट वाटते, क्लोझापिनवर ती जीवावर बेतू शकते. बिडी ओढणाऱ्यांनी प्रश्न ८ वाचाच.

७. लिथियम चालू आहे अन् उन्हाळ्यात वावरात काम आहे. चालते का?

हा खास आपल्याकडचा प्रश्न आहे, परदेशी माहितीपत्रकात एक ओळ असते अन् इथं ४५-४६ डिग्रीचा मे महिना असतो. लिथियम किडनीतून बाहेर जाते. घाम जाऊन अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की किडनी लिथियमही धरून ठेवते, अन् तोच डोस असून रक्तात लेव्हल चढते. गुणाची लेव्हल अन् विषाची लेव्हल यात अंतर फार थोडं, साधारण ०.६ ते १.० मध्ये ठेवतात, १.५ च्या वर गेलं की त्रास सुरू.

म्हणून भर दुपारी काम टाळा, पाणी घेत राहा, जेवणात मीठ नेहमीइतकंच ठेवा. मीठ एकदम सोडणारे उपास, निर्जळी, रोजे हे डॉक्टरला सांगूनच. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, गुंगी, ही विषाची लक्षणं आहेत, पुढचा डोस न घेता सरळ दवाखान्यात. लोकं पाहून दारू पिला म्हणतात, तेवढ्यात वेळ जातो.

अन् आता माझ्या काउंटरवरची गोष्ट. दिवसभर निंदण करून अंग दुखते म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी मागतात. ह्या गोळ्यांनी लिथियमची लेव्हल वाढते. साधं पॅरासिटामॉल घ्या. बीपीच्या टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल अन् पाण्याच्या काही गोळ्यांनीही वाढते, म्हणून बीपीच्या डॉक्टरला लिथियमचं अन् लिथियमच्या डॉक्टरला बीपीचं सांगा, दोघं एकमेकांना भेटत नाहीत. लेव्हलचं रक्त आदल्या रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, सकाळची गोळी रक्त दिल्यावर. सोबत थायरॉइड अन् किडनी वर्षातून एक-दोनदा तपासा.

लिथियम नसलेल्यांनाही ऊन बाधते. स्किझोफ्रेनियाची बरीच औषधं, अन् त्यांच्यासोबत हातापायाच्या ताठरपणासाठी दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल, घाम कमी करतात, मग उष्माघात लवकर होतो.

८. खर्रा, बिडी, गांजा, थोडी दारू. कशानं गोळीवर काय फरक पडते?

इथं एक गोष्ट आहे ती बऱ्याच जणांना माहीत नसते. बिडी-सिगारेटचा धूर लिव्हरमधलं एक एन्झाइम वाढवतो, अन् क्लोझापिन, ओलांझापिन ही स्किझोफ्रेनियाची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. हे काम धुराचं, निकोटिनचं नाही. म्हणून खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणाऱ्याला हा हिशेब लागत नाही, बिडीवाल्याला लागतो. डॉक्टरनं डोस बसवताना माणूस बिडी ओढत होता अन् मग वॉर्डात भरती झाला, किंवा घरच्यांनी एकदम सोडवली, तर तोच डोस अचानक जास्त होते, झोप-झोप, लाळ, कधी फिट. बिडी सोडा, जरूर सोडा, पण आधी डॉक्टरला सांगून सोडा. खर्रा काही औषधाचा मित्र आहे असं नाही, त्याचा तोंडाचा कॅन्सर वेगळा आहेच.

गांजानं स्किझोफ्रेनिया लवकर उठतो अन् उलटतो, यावर संशोधन बरंच एकमुखी आहे. पोळ्याला, शिवरात्रीला "प्रसाद" म्हणून घेतला तरी मेंदूला ते कळत नाही. दारू डिप्रेशन वाढवते अन् झोपेच्या गोळीसोबत श्वास मंदावते.

९. शॉक देणार म्हणतात. माणूस कायमचा बधिर होत नाही का?

शॉक १९३८ पासून आहेत, रोममध्ये सुरू झाले, अन् तेव्हा जागेपणी द्यायचे. आता भूल अन् स्नायू सैल करणारं इंजेक्शन देऊन देतात, भारतात तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भुलीशिवाय शॉक द्यायला बंदीच आहे, अन् अल्पवयीन मुलांना त्या कायद्यानं नेमलेल्या बोर्डाच्या परवानगीशिवाय देता येत नाही. जेवण सोडलेलं, दगडासारखं बसून राहिलेलं किंवा जीव द्यायला निघालेलं डिप्रेशन, याला शॉकइतका लवकर गुण देणारं दुसरं काही क्वचितच आहे. त्या दिवसांतलं विसरायला होते, काहींच्या काही जुन्या आठवणीही पुसट होतात, हे लपवू नये. पण माणूस "भैताड" होत नाही.

नाकात मारायचा एस्केटामिन स्प्रे अमेरिकेत मार्च २०१९ ला मंजूर झाला, गोळ्यांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी. तासा-दिवसांत गुण देऊ शकतो, पण डॉक्टरसमोर बसूनच घ्यायचा असते.

१०. आधी देवस्थानावर नेऊ का डॉक्टरकडं? घरचे म्हणतात बाहेरचं आहे.

मी देवाच्या विरोधात बोलत नाही अन् संशोधनही सरसकट बोलत नाही. २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तामिळनाडूच्या एका मंदिरावरचा अभ्यास आला होता. तिथं राहिलेल्या ३१ मानसिक रुग्णांची लक्षणं औषधाशिवाय सरासरी २० टक्क्यांच्या आसपास कमी झाली. तिथं मारहाण नव्हती, विधींची जबरदस्ती नव्हती, घरचा माणूस सोबत राहायचा, रोज हलकी कामं असायची. शांत जागा अन् आपुलकी यांचा गुण असतोच. पण अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता.

याच्या उलट टोक त्याच राज्यातलं एरवाडी, दर्ग्याचं गाव, ६ ऑगस्ट २००१, मनोरुग्ण ठेवायच्या जागेला आग लागली अन् साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळू शकले नाहीत. आता साखळीनं बांधणं कायद्यानं बंद आहे, मग ते देवस्थान असो की घरचा गोठा. दर्शनाला न्या, नवस बोला, गोळी सोबत न्या. मात्र मारणारा, चटके देणारा, उपाशी ठेवणारा भगत असेल तर तो २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्यात बसतो.

वेळेचं मोल मोठं आहे. स्किझोफ्रेनियाचा इलाज जितका लवकर सुरू होतो तितका गुण चांगला. अन् उशीर फक्त आपल्याकडं होते असंही नाही, अमेरिकेतल्या एका अभ्यासात लक्षणं सुरू झाल्यापासून इलाज मिळेपर्यंत निम्म्या लोकांचे ७४ आठवड्यांपेक्षा जास्त गेले होते, तिथं कोणी भगत नव्हता.

११. गोळीशिवाय नुसतं बोलून डिप्रेशन बरं होते का?

बऱ्याच जणांचं होते, अन् याचा चांगला पुरावा आपल्याच देशातला आहे. गोव्यात डॉक्टर नसलेल्या, साध्या शिकलेल्या लोकांना ट्रेनिंग देऊन समुपदेशक केलं. सरकारी दवाखान्यात येणाऱ्या मध्यम ते जास्त डिप्रेशनच्या लोकांना ते सहा ते आठ वेळा भेटायचे, अन् भर एकाच गोष्टीवर, माणसानं सोडून दिलेली कामं, भेटीगाठी थोड्या थोड्या परत सुरू करणं. २०१७ च्या लान्सेटमध्ये निकाल आला, तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर, नेहमीच्या इलाजात ३९ टक्के.

अन् आपल्या विदर्भातला विश्राम प्रकल्प, अमरावती जिल्ह्यातली ३० गावं. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी, बैठकीत डिप्रेशनबद्दल बोलायचं, जमेल तिथं समुपदेशन, जास्त असेल त्याला डॉक्टरकडं. सुरू व्हायच्या आधी डिप्रेशनवाल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घ्यायचे, नंतर २७.२ टक्के. लान्सेट सायकियाट्रीत २०१७ ला छापून आलं. नवीन औषध एकही नव्हतं त्यात. मला विचाराल तर आपल्यासाठी गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात मोठं संशोधन हेच, अन् पेपरात ते मंगळावरच्या पाण्याइतकंही छापून येत नाही.

जास्त तीव्र डिप्रेशन, बायपोलर अन् स्किझोफ्रेनियात मात्र नुसतं बोलून भागत नाही, गोळी अन् बोलणं दोन्ही. योगाचंही तसंच, जोडीला चालते, बदली म्हणून नाही.

१२. तो गोळी घेतच नाही. वरणात टाकून देतो आम्ही. चालते का?

खूप घरांत चालू आहे हे, मी दोष देत नाही. पण धोके सांगतो. त्याला कळलं की आपल्याच घरचे वरणात काहीतरी टाकून राहिले, तर "मला विष देतात" हा संशय खरा ठरल्यासारखं होते अन् तो जेवण सोडतो. काही गोळ्या हळूहळू सुटणाऱ्या असतात, त्या कुटल्या की पूर्ण डोस एकदम अंगात जाते. लिथियम तर कधीच लपवून नाही, प्रश्न ७ मधली लक्षणं तो सांगेल कशी.

रोजच्या गोळीऐवजी दोन-चार आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन असते, फ्लुफेनाझिन किंवा हॅलोपेरिडॉलचं जुनं स्वस्तही मिळते, डॉक्टरला विचारा. अन् का घेत नाही ते त्यालाच विचारा, बरेचदा कारण सुस्ती, वाढलेलं वजन किंवा नवराबायकोतल्या अडचणी असतात अन् त्यावर उपाय निघतो. सातारा, गोवा अन् तामिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या २८२ लोकांवर एक अभ्यास झाला, २०१४ ला छापला. दवाखान्यासोबत गावातला ट्रेनिंग घेतलेला कार्यकर्ता घरी जात राहिला, तिथं लोकांची रोजची कामं जास्त सुधारली. फायदा मोठा नव्हता, पण होता.

१३. लग्न करून दिलं की सुधरेल म्हणतात. अन् लेकरांना होईल का?

लग्न औषध नाही. लपवून केलेलं लग्न तर दोन घरांचं नुकसान.

अनुवंशिकतेचं असं आहे की जुळ्या, अगदी सारख्या भावंडांत एकाला स्किझोफ्रेनिया असला तरी दुसऱ्याला व्हायची शक्यता निम्म्याच्या आसपास किंवा कमीच. म्हणजे रक्तात आहे, पण नुसतं रक्तात नाही. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर लेकराला साधारण दहात एक. २०२२ मध्ये जगभरातल्या मोठ्या अभ्यासात जनुकांच्या नकाशावर २८७ जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा थोडा-थोडा. त्यामुळे एक जीन पाहून सांगणारी टेस्ट कोणी विकत असेल तर घेऊ नका.

१४. सुनेला दिवस गेले अन् गोळ्या चालू आहेत. सगळ्या बंद केल्या आम्ही.

परत डॉक्टरकडं जा, आजच. सगळ्याच गोळ्या सारख्या नाहीत. व्हॅल्प्रोएट सगळ्यात धोक्याचं, साधारण दहातल्या एका बाळात जन्मदोष अन् ३० ते ४० टक्के मुलांत पुढं वाढीचा, शिकण्याचा त्रास. मूल होऊ शकेल अशा वयाच्या बाईला ते शक्यतो द्यायचंच नाही, अन् चालू असेल तर दिवस राहायच्या आधीच बदलायचं. पण बाकी बरीच औषधं डॉक्टर विचार करून चालू ठेवतात, कारण बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे बायपोलरवाल्या बाईसाठी सगळ्यात जोखमीचे असतात. "बाळासाठी" म्हणून आईला औषधाशिवाय सोडणं बाळाच्याही कामाचं नाही.

१५. तो जीव द्यायचं बोलते. विचारलं तर डोक्यात अजून भरेल का?

नाही. सरळ विचारल्यानं विचार वाढत नाही, उलट बोलायला जागा मिळते. एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरात ठेवूच नका, शक्य असेल तर गावाबाहेर दुसऱ्याकडं ठेवा. श्रीलंकेनं सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली अन् आत्महत्या खूप कमी झाल्या, हातात काय आहे याचा एवढा फरक पडते. घरात कुलपाच्या पेट्या वाटल्या त्या मोठ्या ट्रायलमध्ये मात्र फायदा दिसला नाही, म्हणून पेटीवर विसंबू नका.

टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोला. प्रयत्न केलेल्या माणसावर पोलीस केस होईल म्हणून घरीच लपवून ठेवतात, तसं करू नका, २०१७ च्या कायद्यात तो माणूस तीव्र ताणात होता असंच धरतात अन् त्याला शिक्षा नाही, मदत द्यायची आहे. लिथियम अन् क्लोझापिन या दोन औषधांनी आत्महत्येचा धोका कमी होतो असा पुरावा आहे, म्हणूनही ती मनानं बंद करू नका.

१६. मेडिकल कॉलेजवाले ट्रायलमध्ये नाव टाकू म्हणतात. आमच्यावर प्रयोग होईल का?

प्रयोगच असते तो, पण नियमातला. भारतात औषधाची ट्रायल सुरू व्हायच्या आधी सीटीआरआय या सरकारी नोंदणीत टाकणं २००९ पासून बंधनकारक आहे, नंबर मागा, मोबाइलवर शोधता येते. एथिक्स कमिटीची परवानगी लागते. संमतीचा कागद मराठीत असला पाहिजे, एक प्रत तुमच्याकडं. नाही म्हटलं किंवा मधातच सोडलं तरी नेहमीचा इलाज बंद करता येत नाही. ट्रायलच्या औषधानं इजा झाली तर फुकट इलाज अन् भरपाई द्यावी लागते. पेशंटला समजायची स्थिती नसेल तर कायदेशीर जवळचा माणूस सही करतो, पण पेशंट सावध झाला की त्यालाही विचारलं पाहिजे.

सही करायच्या आधी विचारायचं ते असं: माझ्या चालू गोळ्या बंद होणार का, साध्या गोळीच्या गटात गेलो अन् आजार उलटला तर तुम्ही काय करणार, ट्रायल संपल्यावर हे औषध मिळत राहील का, अन् येण्याजाण्याचं भाडं कोण देणार. तिसऱ्या प्रश्नाला बरेच जण अडखळतात. उत्तर कागदावर लिहून मागा, अन् समजलं नाही तर कागद दुकानात घेऊन या, दुपारी दोन ते चार मी मोकळा असतो.